गुंड्यास, विम्याचा अर्ज भरताना

प्रिय गुंड्या,

तुझ्या आरोग्य विम्याचा अर्ज अर्धा भरून माझ्या टेबलावर पडला आहे. वय अंदाजे तीन वर्षं, नर, नसबंदी झालेली, करडा पट्टेरी रंग, शेपटीचं टोक पांढरं, इतकं लिहून झालं. जातीच्या रकान्यात 'देशी' लिहिलं. पुढचा रकाना किमतीचा आहे आणि तिथं माझा हात अडलाय.

पत्र तुला लिहिते आहे, पण ते चारचौघांनी वाचावं असंही मनात आहे. आपल्या सोसायटीतच चार-पाच घरांत मांजरं आहेत. त्यातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी विषय निघतो, की मांजराचा विमा काढावा का? बहुतेक वेळा तो हसण्यावारी जातो. मला तो हसण्यावारी न्यायचा नाही. उद्या तू आजारी पडलास तर तुझ्यासाठी काय करायचं आणि किती करायचं, हे आज शांत डोक्यानं ठरवायचं, एवढाच या अर्जाचा खरा अर्थ आहे.

आधी किमतीचं बोलू. या रकान्याचं मूळ गोठ्यात आहे. साताऱ्याकडे माझ्या मामाच्या दावणीला म्हशी होत्या. कर्ज काढून घेतलेल्या म्हशीचा विमा असायचा आणि तिच्या कानात नंबरचा बिल्ला. म्हैस दगावली तर पहिल्यांदा बिल्ला दाखवायचा. बिल्ला नसेल तर पैसे नाहीत. तिची किंमत वयावर, वेतांवर आणि दुधावर ठरायची. घराची मिळकत गेली म्हणून भरपाई मिळायची, आणि अडचणीतल्या शेतकऱ्याला तिचा मोठा आधार असायचा. जगात इतरत्रही जनावरांचा विमा घोड्या-गुरांपासूनच सुरू झाला. पाळीव कुत्र्याची पहिली पॉलिसी निघाली ती १९२४ साली स्वीडनमध्ये. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९४७ उजाडलं. अमेरिकेत १९८२ साली पहिली पॉलिसी दिली गेली ती टीव्हीवरच्या गाजलेल्या 'लॅसी'ला. मांजरं सगळीकडे कुत्र्यांच्या मागून आली. आपल्याकडेही आधी कुत्र्यांच्या पॉलिसी आल्या, मांजरांच्या अगदी अलीकडे, आणि त्याही मोजक्याच कंपन्यांच्या.

गुंड्या, तू दूध देत नाहीस. तुझी खरेदीची पावती नाही, कारण तुला कुणी विकतच घेतलं नाही. पावसाळ्यात पार्किंगमधल्या स्कूटरखाली तू ओरडत होतास आणि आम्ही तुला वर आणलं. कायद्याच्या नजरेत तू माझी जंगम मालमत्ता आहेस आणि बाजारात त्या मालमत्तेला मोल नाही. पर्शियन किंवा मेन कून मांजर हजारो रुपये मोजून आणलेलं असतं, त्याच्या मालकाला मृत्यूनंतरची भरपाई, चोरीची भरपाई या कलमांचा काही उपयोग असेल. मला नाही. तू गेलास तर मला पैसे नको आहेत. तू जाऊ नयेस यासाठी लागणारे पैसे वेळेवर हाताशी हवे आहेत. म्हणून पॉलिसीतली मृत्यूची, चोरीची, हरवण्याची कलमं मी बाजूला ठेवली आणि फक्त उपचारांचं कलम वाचायला घेतलं. मांजर पाळणाऱ्या प्रत्येकानं माहितीपत्रक असंच वाचावं असं मला वाटतं. मोठ्या अक्षरांत छापलेली एकूण रक्कम बऱ्याचदा अनेक कलमांची बेरीज असते. आजारपणासाठी त्यातली किती, हे वेगळं शोधावं लागतं.

आता भीतीचं. तू बोका आहेस, नसबंदी झालेला, दिवसभर घरात असणारा, अंगानं जरा भरलेला. ज्या दुखण्याची मला सर्वांत जास्त धास्ती आहे, ते नेमकं अशाच बोक्यांना गाठतं. डॉक्टर 'ब्लॉक झालाय' एवढंच म्हणतात. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. लघवीतले खड्यांचे बारीक कण आणि चिकट स्राव यांचं बूच तिथं बसलं, की थेंबही बाहेर येत नाही. मांजर ट्रेमध्ये जाऊन बसतं, कुंथतं, बाहेर येतं, पुन्हा जातं. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नसेल. आत मूत्राशय दगडासारखा टणक होत जातो, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. भूल देऊन कॅथेटर घालणं, सलाइन, रक्ताच्या तपासण्या, दोन-तीन दिवस दवाखान्यात ठेवणं, इतकं तरी लागतंच. बरं, एकदा मोकळा झालेला बोका पुन्हा ब्लॉक होऊ शकतो. वारंवार होऊ लागला तर ती अरुंद वाट शस्त्रक्रियेनं कापून रुंद करावी लागते.

माझ्या ओळखीच्या एका ताईंचा पांढरा बोका असाच रात्री ब्लॉक झाला. दवाखान्यात आधी अनामत रक्कम भरायला सांगितली. त्यात दवाखान्याचीही काही चूक नाही, त्यांनाही औषधं विकतच आणावी लागतात. पण बोका आत टेबलावर, ताई काउंटरपाशी, हातात फोन, आणि घरी विचारायचं की एवढे भरू का? त्यांनी भरले आणि बोका वाचला. ताई मला नंतर म्हणाल्या की बिलाचा आकडा त्या विसरून जातील, पण 'भरू का' असं आपण विचारलं हे त्यांना विसरता येत नाही. तेव्हापासून तुझा अर्ज माझ्या डोक्यात आहे. पैसे खर्च होण्याची मला भीती वाटत नाही. तुझा जीव आणि एक आकडा रात्री दीड वाजता समोरासमोर उभे राहावेत आणि मला त्यातलं एक निवडावं लागावं, याची वाटते.

दुसरी भीती खिडकीची. आपण चौथ्या मजल्यावर राहतो. मांजर उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं, असं सगळे सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे. १९८७ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. लोक एवढंच वाचतात आणि निर्धास्त होतात. पण त्यातली बरीच वाचली ती उपचारांमुळे. छातीला मार, फुप्फुसाबाहेर साठलेली हवा, फुटलेला जबडा, मोडलेले पाय, असं काही ना काही घेऊन त्यातली बरीच दवाखान्यात आली होती. या भीतीवर मात्र विम्याहून चांगला उपाय आहे. गॅलरीला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवून घेतली, त्याचा खर्च एका साध्या एक्स-रेसकट प्लास्टरपेक्षा फारसा जास्त नसेल. ज्यांच्या घरी मांजर आहे आणि खिडकीला जाळी नाही, त्यांनी विम्याचा विचार नंतर करावा.

तिसरी भीती एका आजाराची. त्याचं नाव आमच्या मांजरवाल्यांच्या गप्पांत आवाज खाली करून घेतलं जायचं: एफआयपी. मांजरांमधला एक करोना विषाणू बहुतेकांच्या आतड्यात निमूट राहतो, पण एखाद्याच्या शरीरात तो रूप पालटतो आणि पोटात किंवा छातीत पाणी भरू लागतं. नाही तर डोळ्यांवर, मेंदूवर परिणाम होतो. लहान वयाच्या मांजरांना तो जास्त होतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान झालं की डॉक्टरसुद्धा मान खाली घालत. मग २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-४४१५२४ नावाचं औषध ३१ मांजरांना देऊन पाहिलं आणि त्यातली २५ दीर्घकाळ जगली. कोविडच्या काळात ज्या रेमडेसिविरसाठी माणसं वणवण फिरली, ते याच औषधाचं सख्खं भावंड. उपचार साधारण बारा आठवड्यांचा, रोज न चुकता, आणि मात्रा वजनावर ठरते. अनेक देशांत हे औषध सरळ मार्गानं मिळत नव्हतं, तेव्हा लोकांनी समाजमाध्यमांवरच्या ओळखींतून बिनलेबलच्या बाटल्या मागवून आपली मांजरं वाचवली. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. पण विम्याच्या दृष्टीनं बघ: ज्या औषधाला लेबल नाही, रीतसर बिल नाही, त्याचा क्लेम कसा करणार? म्हणून माझ्या वहीत विमा कंपनीला विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न असा आहे, की मांजरासाठी मंजूर नसलेलं पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तुम्ही मान्य करता का, आणि करत असाल तर तसं लेखी द्याल का? फोनवरच्या 'हो मॅडम'ला अर्थ नाही.

पॉलिसीचा कागद मी तीन-चारदा वाचला. लस, नसबंदी, जंतांचं औषध, नखं-केसांची निगा यांचे पैसे मिळत नाहीत. ते रास्तच आहे, हे खर्च ठरलेले असतात. दातांचं बहुतेक वगळलेलं असतं, आणि ते मला टोचतं, कारण हिरड्यांच्या दुखण्यानं मांजरं खाणं सोडतात. पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस आजारासाठी पैसे मिळत नाहीत, हा वेटिंग पिरियड. बिलातला काही टक्के भाग आपण सोसायचा, हा को-पे. क्लेमसाठी लसीचं कार्ड अद्ययावत हवं, बिलावर नोंदणीकृत पशुवैद्याचा नोंदणी क्रमांक हवा, आणि अंगावर ओळखीची खूण किंवा मायक्रोचिप हवी. मामाच्या म्हशीच्या कानातला बिल्ला आता तांदळाच्या दाण्याएवढा होऊन तुझ्या खांद्यांमधल्या कातडीखाली जाणार आहे. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजरांना ही चिप सक्तीची झाली. आपल्याकडे निदान पुणे महापालिकेनं मांजरांसाठीही परवाना काढायला सांगितलं, ही चांगली गोष्ट झाली. निदान कुठल्या तरी दप्तरात तू आहेस.

सगळ्यांत अवघड कलम 'पूर्वीपासून असलेल्या आजारा'चं आहे, आणि ते अवघड तुझ्या स्वभावामुळे झालंय. लक्षण पहिल्यांदा केव्हा दिसलं, हे कंपनी विचारते. तू दाखवतोस कुठं? मांजर हे शिकार करणारंही आणि शिकार होणारंही जनावर, त्यामुळे दुखणं लपवणं तुमच्या रक्तात आहे. माँट्रियाल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी तयार केली: कानांची ठेवण, डोळे किती मिटलेत, तोंडाभोवतीचा ताण, मिशा, आणि खांद्यांच्या मानानं डोकं किती खाली आहे. मी ती छापून फ्रिजवर लावली आहे आणि रोज तुला न्याहाळते. वजनही दर महिन्याला लिहून ठेवते. या नोंदी क्लेमच्या वेळी पुरावा म्हणून लागतील, पण त्याआधी त्या तुला लागतील. दुखणं दोन दिवस आधी कळलं तर बिल कमी होऊ शकतं आणि तुझा त्रासही.

माझी भाची इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिच्या मांजरीचा विमा आहे आणि तो कसा निवडला हे तिनं मला फोनवर समजावून सांगितलं. तिथं एका प्रकारच्या पॉलिसीत आजाराला वर्षभर पैसे मिळतात; वर्ष संपलं की तोच आजार 'जुना' ठरतो आणि वगळला जातो. दुसऱ्या प्रकारात, नूतनीकरण न चुकवता करत राहिलं, तर दरवर्षी रक्कम पुन्हा भरली जाते. याला ते 'लाइफटाइम' म्हणतात. मधुमेह झालेल्या मांजरीला आयुष्यभर इन्सुलिन लागतं, तिथं या दोन प्रकारांतला फरक जगण्या-मरण्याचा आहे. आपल्याकडे पॉलिसी घेताना नेमकं हेच विचारायला हवं: यंदा झालेला आजार पुढच्या वर्षी चालेल का? भाची आणखी एक गोष्ट म्हणाली. तिथं गेल्या काही वर्षांत दवाखाने मोठमोठ्या कंपन्यांनी विकत घेतले, बिलं वाढली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी स्पर्धा आयोगानं पशुवैद्यकीय सेवांची चौकशी सुरू केली. विमा पसरला म्हणून बिल कमी होतं असं नाही, हे मला त्यातून कळलं. तपासण्या मात्र वाढतात; त्यातल्या काही गरजेच्या असतात.

आपल्याकडचा प्रश्न उलट आहे. पैसे असले तरी दवाखाना कुठं आहे? मुंबईकरांच्या नशिबानं परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे. बाई साकरबाईंच्या नावाचं ते रुग्णालय १८८०च्या दशकापासून चालू आहे, आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालयही त्याच आवारात. गाडी ओढणाऱ्या बैल-घोड्यांसाठी उभ्या राहिलेल्या त्या जागेनं किती पिढ्यांची कुत्री-मांजरं बरी केली असतील! २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. पुण्यातही चांगले डॉक्टर आहेत, पण रात्री उघडी असणारी ठिकाणं थोडी. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथले डॉक्टर गाई-म्हशींत, शेळ्यांत गुंतलेले असतात आणि त्यांनी तसंच असायला हवं. तिथल्या मांजराला विमा असून ऑक्सिजनचा पिंजरा मिळणार नाही. म्हणून आपल्या घरापासून रात्री गाठता येईल असे दोन दवाखाने शोधून, त्यांचे नंबर आणि रिक्षाचा रस्ता मी लिहून ठेवलाय. विम्याच्या अर्जाइतकंच हे काम महत्त्वाचं आहे.

सासूबाईंचं म्हणणं तुला माहीत आहे. 'मांजराचा विमा? माणसांना औषधाला पैसे नाहीत.' तुला रोज मांडीवर घेऊन बसणाऱ्या त्याच आहेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नाही. त्यांनी गरिबीत आजारपणं काढली आहेत. आमच्या दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी वाढतो आणि निदान त्याची आयकरात वजावट मिळते. त्या वजावटीत नवरा, बायको, मुलं, आई-वडील आहेत, मांजर नाही. मी सासूबाईंना एवढंच म्हणाले, की घरातल्या माणसांच्या औषधाला हात लागणार नाही अशा बेतानंच मी हे करते आहे. अचानक चाळीस हजारांचं बिल आलं तर ते कुणाच्या ना कुणाच्या वाटणीतून जाईल. आधीच सोय केली तर जाणार नाही. हे त्यांना पटलं. निदान त्या गप्प बसून हिशेब ऐकायला लागल्या.

तो हिशेब तुलाही सांगते. समजा वर्षाचा हप्ता तीन हजार, उपचारांची मर्यादा पन्नास हजार, को-पे वीस टक्के. बिल झालं चाळीस हजार. कंपनी बत्तीस देईल, आठ माझे. पण बहुतेक ठिकाणी आधी सगळं बिल आपण भरायचं आणि मग कागद पाठवून परत मागायचं. म्हणजे त्या रात्री काउंटरवर चाळीस हजार माझ्याकडे असायलाच हवेत, विमा असो वा नसो. ही गोष्ट कुणी नीट सांगत नाही. विमा घेतला की काउंटरची भीती संपते असं मलाही वाटत होतं. ती संपत नाही, फक्त महिन्या-दोन महिन्यांनी पैसे परत येण्याची आशा राहते.

मग विमा न घेता महिन्याला हजार रुपये बाजूला टाकले तर? पाच वर्षांत साठ हजार आणि वर व्याज. तू धडधाकट राहिलास तर पैसे आपलेच. अनेकांचा सल्ला हाच असतो आणि तो ऐकायला फार शहाणपणाचा वाटतो. पण तू पुढच्या तीन महिन्यांत ब्लॉक झालास तर त्या खात्यात तीन हजार असतील. बचत हळूहळू वाढते आणि आजार तिच्यासाठी थांबत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत तुझं रक्षण बचत करू शकत नाही, विमा करू शकतो.

याउलट म्हातारपण. दहाव्या वर्षानंतर मांजरांना मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार होतो. दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही, मग मांजर जास्त पाणी पिऊ लागतं, वाळत जातं. त्याला वेगळं अन्न, ठरावीक तपासण्या, घरच्या घरी कातडीखाली सलाइन, असं वर्षानुवर्षं चालतं. त्यात थायरॉइडची, मधुमेहाची भर पडू शकते. आणि मी पाहिलेल्या पॉलिसींत वयाची कमाल मर्यादा आहे. तू थकशील, सगळ्यांत जास्त लागेल, तेव्हा कंपनी तुझा निरोप घेईल. तेव्हा उपयोगी पडेल ती बचतच.

हे दोन्ही हिशेब समोर ठेवल्यावर 'विमा की बचत' हा वादच मला चुकीचा वाटू लागला. तरुणपणासाठी एक लागतं, म्हातारपणासाठी दुसरं. म्हणून मी असं ठरवलंय. पॉलिसी घ्यायची, लहान रकमेचीच, पण आजाराचं कलम भक्कम असलेली. ती पाच वर्षं चालवायची. त्याचबरोबर बँकेत आरडी सुरू करायची. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि मध्येच मोडायला अटी आहेत, म्हणून बँकेची, कधीही मोडता येईल अशी. आणि सुरुवातीची काउंटरवरची रक्कम म्हणून माझ्या दिवाळीच्या पैशातला एक भाग आजच वेगळा ठेवायचा. ज्यांना यातलं एकच जमणार आहे, त्यांनी मांजर लहान असेल आणि हातात काहीच शिल्लक नसेल तर विमा घ्यावा. मांजर आठ-नऊ वर्षांचं झालं असेल तर बचतीकडे वळावं. हे माझं मत आहे, माझ्या शहरातल्या, माझ्या पगारातल्या घराचं.

पैशाच्या बाजूनं एवढं. तुझ्या बाजूचं एक राहिलं. तुझी संमती मला घेता येत नाही. खिशात पैसे आहेत म्हणून तुझ्यावर जे जे करता येईल ते सगळं करायचं, हा मोह मला उद्या होईल, आणि विमा असला की तो जास्त होईल. म्हणून मी डॉक्टरांशी बोलून एका कागदावर लिहून ठेवलंय. जे दुखणं बरं होण्यासारखं आहे, त्यासाठी पैशाचा विचार न करता दाखल करायचं. ब्लॉक, पडणं, एफआयपी यात आलं. म्हातारपणी घरच्या घरी सलाइन आणि औषधं, तू खातोस, अंग चाटून साफ करतोस, खिडकीपर्यंत जातोस तोवर. ते थांबलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता फक्त दिवस लांबतील, तर तुला पिंजऱ्यात, नळ्यांत ठेवायचं नाही. कागदावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत, कारण त्या दिवशी मी घरी असेनच असं नाही.

खर्चाचं आणखी एक सांगून ठेवते. तुझं कोरडं अन्न मी निम्म्यावर आणलंय आणि ओलं वाढवलंय, पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली आहेत, ट्रे दोनदा साफ होतो. ब्लॉक होण्याविरुद्ध माझ्या हातात एवढंच आहे, आणि हप्त्याच्या रकमेत ते बऱ्यापैकी बसतं. तू ओल्या अन्नाकडे पाठ फिरवतोस ते मला दिसतंय. त्यावर चिकनचं बिनमिठाचं पाणी घालून पाहते आहे, काल थोडं चाटलंस.

किमतीच्या रकान्यात मी 'लागू नाही' लिहिलं. कंपनीला चालत नसेल तर ते कळवतील, तेव्हा ते म्हणतील तो आकडा घालेन. त्यावर माझं काही अडत नाही. चिप बसवण्यासाठी सोमवारची वेळ घेतली आहे. सुई जरा जाड असते, पण काम क्षणाचं. तुझा प्रवासाचा पिंजरा मी आजच माळ्यावरून काढून, धुऊन, आत तुझा जुना टॉवेल घालून हॉलमध्ये दार उघडं ठेवून दिलाय. सोमवारपर्यंत त्यात एकदा तरी झोपून बघ.

तुझीच,
चौथ्या मजल्यावरची